कुसळी गवत : पोटरीत कापलं तर वैरण, दिवाळीनंतर नुसतं कुसळ

दहिवडी (प्रतिनिधी) : माण-खटावच्या कुठल्याही माळावर दिवाळीच्या सुमारास चालून या. घरी आल्यावर पायमोजे, धोतर, साडीचा काठ, सगळं काळ्या-तपकिरी कुसळांनी भरलेलं असतं. ती एकेक करून उपटायला तासभर जातो. काही तर कापडातून आत शिरून कातडीला टोचतात. ज्या गवताची ही कुसळं, त्याला आपण कुसळीच म्हणतो. आणि हे गवत म्हणजे डोंगराला लागलेली पीडा, काडी लावून टाकावी, एवढंच बहुतेकांचं त्याच्याबद्दल मत असतं.

पण याच तालुक्याने २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१८-१९ ला चारा छावण्या बघितल्या आहेत. दावणीची जनावरं सोडून छावणीत नेऊन बांधावी लागली. माणसं महिनोन्‌महिने तिथेच राहिली. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांत पाऊस बरा झाला तेव्हा मात्र डोंगरावरचं गवत एकतर उभं वाळलं, नाहीतर फेब्रुवारीत जळालं. म्हणजे वैरण विकत घेणारं गाव आणि वैरण जाळणारं गाव एकच. म्हणून या कुसळीचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

ओळख आणि नाव

कुसळीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळवटलेला. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींची मोठी यादी केली, त्यात हे कॉन्टॉर्टस नाव दिलं, ते कुसळाला असलेल्या पिळावरून. आपल्या माणसांनीही कुसळावरूनच नाव ठेवलं, फक्त ते कुणी कागदावर लिहिलं नाही.

हे गवत हरळीसारखं जमिनीवर पसरत नाही. ठोंबाने वाढतं. एका ठोंबात पुष्कळ काड्या, उंची साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत. पावसाळ्यात पानाला निळसर झाक असते, पिकलं की सगळा माळ तांबूस-भुरा दिसतो. तुरा एका बाजूला झुकलेला आणि त्यातून काळी लांब कुसळं बाहेर आलेली. पिकल्यावर ही कुसळं शेंड्याला एकमेकांत गुंतून वेणीसारखी होतात. ती वेणी दिसली की ओळखण्यात चूक होत नाही.

ठोंब बहुवर्षायु आहे. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो, पण बूड जिवंत राहतं आणि मृगाच्या सरीनंतर तिथूनच फुटवे येतात. मुरमाड, उथळ, दगडगोट्याची जमीन त्याला चालते. जिथे ज्वारीचं धाट टिकणार नाही तिथे कुसळी उभी असते. आणि हे आपल्याच मातीतलं गवत आहे. गाजरगवतासारखं बाहेरून आलेलं नाही. आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक बेटं, उष्ण हवेच्या बहुतेक भागांत ते सापडतं.

कुसळ जमिनीत कसं शिरतं

हे घरी करून बघण्यासारखं आहे. एक पिकलेलं, वाळलेलं कुसळ घ्या. बियाची टोकदार बाजू खाली ठेवून बोटांत हलकं धरा आणि कुसळाच्या पीळ असलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका. थोड्याच वेळात कुसळ आपोआप गोल फिरायला लागतं. वाळलं की उलटं फिरतं. यात जीव वगैरे काही नाही. कुसळाच्या आतले धागे तिरके विणलेले असतात, ओलाव्याने ते फुगतात आणि पीळ सुटतो, वाळल्यावर पुन्हा बसतो.

माळावर रात्री दव पडतं, दिवसा ऊन. म्हणजे रोज एकदा पीळ सुटतो, एकदा बसतो. कुसळाचं वरचं टोक गवतात किंवा खड्यात अडकलेलं असलं की फिरायचं काम बियालाच करावं लागतं. बियाचं टोक सुईसारखं आणि त्यावर मागे वळलेले राठ केस. पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. असं ते बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. पाभर नको, बैल नको.

हीच यंत्रणा मेंढीच्या लोकरीत अडकली की मातीच्या जागी कातडी येते. बी लोकरीतून आत जातं, कातडीत घुसतं. मेंढपाळांना हे सांगायला नको. डोळ्यात गेलं तर डोळा पांढरा पडतो, तोंडात गेलं तर हिरडीला आणि जिभेखाली जखमा होतात. कुत्र्याच्या कानात आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात जातं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात या गवताला काळं भालागवत म्हणतात. तिथे किनाऱ्याकडच्या पट्ट्यात या कुसळांनी मेंढीपालन इतकं जेरीस आलं की लोक मेंढ्या सोडून गाईगुरांकडे वळले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण आपण सहज वापरतो. मेंढपाळाला ते कुसळ खरोखरच शोधावं लागतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जनावराच्या तोंडाला लाळ सुटली, जखमा दिसल्या की लगेच लाळ्या-खुरकुताची शंका येते, आणि ती घ्यायलाच पाहिजे. पण ताप नाही, खुरांत काही नाही, शेजारची जनावरं ठीक आहेत आणि चरायला मात्र कुसळीच्या माळावर जातंय, तर आधी जिभेखाली आणि गालाच्या आत नीट बघा. कुसळ सापडलं तर काढा आणि तुरटीच्या पाण्याने तोंड धुवा. डोळ्यात गेलेलं कुसळ घरी चिमट्याने ओढू नका. ते मागे येत नाही, आत मोडतं. स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

मग हे गवत जनावर खातं तरी कधी?

खातं, आणि आवडीने खातं. फक्त वेळेचा प्रश्न आहे.

जुने लोक डोंगराचं गवत सणावारांवर मोजतात. साधारणपणे गणपती उठले की कुसळी पोटरीत येते, दसऱ्याला निसवते आणि दिवाळीला कुसळ काळं पडतं. पाऊस मागेपुढे झाला तर यात आठ-पंधरा दिवसांचा फरक पडतो. तुरा पानाच्या आवरणात फुगलेला आहे पण बाहेर आलेला नाही, ही पोटरीची अवस्था. विळा लावायचा तो तेव्हा.

कारण साधं आहे. कोवळ्या कुसळीत प्रथिनं साधारण सात-आठ टक्के असतात. पिकून वाळली की ती तीन टक्क्यांच्या आसपास येतात. जनावराच्या पोटातले जिवाणू चारा पचवतात, आणि त्यांना काम करायला चाऱ्यात निदान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. त्याच्या खाली गेलं की पोट भरलेलं दिसतं पण जनावर वाळत जातं. म्हणजे त्याच डोंगरावरचं, त्याच ठोंबाचं गवत सप्टेंबरअखेर कापलं तर वैरण आहे आणि डिसेंबरात कापलं तर काड्या आहेत. शिवाय पोटरीत कापल्यावर कुसळच तयार झालेलं नसतं, त्यामुळे तोंडाच्या जखमांचा प्रश्न येत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळ्यांना माहीत आहे, मग कापत का नाहीत? त्याचं उत्तर कृषी खात्याच्या पत्रकात सापडत नाही, शिवारात सापडतं. नेमक्या त्याच पंधरवड्यात बाजरीची काढणी-मळणी असते. खटाव-कोरेगावकडे घेवडा, सोयाबीन काढायचं असतं. माणमध्ये रब्बी ज्वारीची पेरणी हस्ताच्या ओलीवर साधायची असते. मजूर मिळत नाही, मिळाला तर त्याची हजेरी परवडत नाही. आणि एवढं करून गवत कापलंच तर वर परतीचा पाऊस. कापलेलं गवत दोन दिवस भिजलं की काळं पडतं, बुरशी धरतं. मग माणूस म्हणतो, दिवाळीनंतर ऊन पडल्यावर बघू. तोवर कुसळ आलेलं असतं. मग कुणी कापत नाही आणि शेवटी काडी लागते. आळशीपणा म्हणून हे उडवून लावता येत नाही, अडचण खरी आहे.

यातून दोन वाटा आहेत.

पहिली, मुरघास. गवत कापून अर्धा-एक दिवस सुकू द्यायचं. मूठभर कुट्टी हातात घट्ट दाबली तर पाणी गळू नये, पण हात ओलसर लागावा, एवढंच सुकवायचं. कुट्टी बारीक करायची, कारण गवताची काडी पोकळ, लांब राहिली तर आत हवा राहते. मक्याच्या मानाने गवतात साखर कमी असते, म्हणून शंभर किलो कुट्टीला एक-दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडायचा. मुरघासाच्या पिशवीत थर देऊन तुडवून भरायचं आणि तोंड हवाबंद करायचं. साधारण दीड महिन्याने उघडता येतं. वास आंबूस-गोड आला तर जमलं. पांढरी-काळी बुरशी असलेला भाग काढून टाकायचा, तो जनावराला घालायचा नाही. यात उन्हाची फार वाट बघावी लागत नाही, हा मोठा फायदा. कुट्टी यंत्र आता बऱ्याच दूधवाल्यांकडे असतंच.

दुसरी वाट म्हणजे थोडं थोडं कापणं. सगळा डोंगर एका दमात कापायचा विचार केला की तो होत नाही. घरच्या दोन माणसांनी सकाळी दोन तास, उघडीप दिसेल तेवढंच. कापलेलं गवत जमिनीवर आडवं न पसरता लहान पेंढ्या बांधून बुडं खाली, शेंडे वर असं तीन-चार पेंढ्या एकमेकींना टेकवून उभं करायचं. पाणी निथळून जातं, वारा आतून खेळतो. काडीचं पेर वाकवल्यावर कडकन मोडलं की गंजीला लावायला हरकत नाही. ओलं गवत गंजीला लावलं तर आतून तापतं आणि सगळी गंजी जाते.

कापताना अगदी जमिनीसरशी विळा फिरवायचा नाही. चार बोटं बूड सोडायचं. पुढच्या वर्षीचा फुटवा तिथूनच येतो.

पिकून गेलेल्या गवताचं काय

वेळ गेली तरी गवत फुकट गेलं असं नाही. साधारण डिसेंबरात बी झडून जातं. त्यानंतर कापलेल्या गवतात कुसळं थोडी राहतात. पेंढ्या झटकून, आपटून घेतल्या तर आणखी कमी होतात. अशा गवताला युरियाची प्रक्रिया करता येते. शंभर किलो वाळलेल्या गवताला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा. गवताचे थर देत, प्रत्येक थरावर झारीने सारखं शिंपडत, तुडवत ढीग लावायचा. प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. खाऊ घालण्याआधी लागेल तेवढं काढून काही तास मोकळ्या हवेत पसरायचं, म्हणजे उग्र वास उडून जातो. सुरुवातीला थोडंच द्यायचं आणि हळूहळू वाढवायचं.

यात हयगय चालत नाही. युरियाचं पाणी उघड्यावर ठेवलं आणि जनावर प्यालं तर ते मरतं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चारा द्यायचा नाही. पहिल्यांदा करताना गावच्या पशुधन पर्यवेक्षकाला उभं करूनच करा.

बाकी उपयोग जुनेच आहेत. पत्रे येण्याआधी या भागातली कितीतरी छपरं गवतानेच शाकारलेली असायची. आजही पत्र्याच्या गोठ्यावर गवताचा थर टाकला की एप्रिल-मेमध्ये आत फरक कळतो, दुभत्या म्हशीला तर फारच. आग लागण्याची भीती मात्र आहे, त्यामुळे चुलीजवळ किंवा वायरीखाली नको. डाळिंबाच्या बागेत आच्छादन म्हणूनही चालतं, पण बी झडल्यानंतरचंच वापरा. नाहीतर पुढच्या पावसात बागेत कुसळी उगवेल आणि दोष गवताला जाईल.

हवाई बेटांवर या गवताला पिली म्हणतात आणि तिथली जुनी घरं याच गवताने शाकारत असत. तिथलीच आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. कहोओलावे नावाचं एक बेट बकऱ्या-मेंढ्यांच्या अति चराईने उघडं पडलं होतं. त्यावर अमेरिकी नौदलाने १९९० पर्यंत बॉम्बफेकीचा सराव केला. माती वाहून वाहून खाली कडक लाल जमीन उरली. ती पुन्हा हिरवी करायला तिथल्या लोकांनी जी स्थानिक गवतं वापरली त्यात पिली होतं. बियासकट गवताचे भारेच्या भारे नेऊन उघड्या जमिनीवर टाकले. गवताने माती अडवली आणि बी तिथेच रुजलं. आपण ज्याला काडी लावतो ते गवत तिथे मुद्दाम भारे बांधून नेलं.

डोंगर आणि पाणी

आपल्या भागात पाण्यासाठी लोकांनी घाम गाळलेला आहे. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, पुढे माण-खटावची गावंही उतरली. डोंगर उतारावर सलग समतल चर खोदले गेले. पण चर म्हणजे शेवटी खड्डा. वरच्या उतारावर गवत नसेल तर पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत वरची माती उतरून चर गाळाने भरतो. चराच्या खालच्या बाजूला काढलेल्या मातीच्या भरावावर गवत नसेल तर तोही ढासळतो. मग गावकरी म्हणतात, चर खोदले पण पाणी राहिलं नाही.

ठोंबाचं गवत उतारावर काय करतं ते पावसात जाऊन बघावं. वरून येणारं पाणी प्रत्येक ठोंबाशी अडतं, दोन्ही बाजूंनी वळतं, पुढच्या ठोंबाशी पुन्हा अडतं. ठोंबाच्या वरच्या अंगाला मातीची आणि काडीकचऱ्याची लहानशी पायरी तयार होते. अशा हजारो पायऱ्या एका उतारावर असतात आणि त्याचं बिल कुठल्याही योजनेत निघत नाही. जुनी मुळं मेली की त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात, त्यातून पाणी मुरमात उतरतं.

शिवाय हा माळ रिकामा नसतो. चंडोल ठोंबाच्या आडोशाला जमिनीवरच घरटं करतो. लावे, तित्तर, ससा, खोकड, लांडगा, सगळे या गवतावर आणि गवतातल्या किड्या-उंदरांवर जगतात. माळढोकासाठी सोलापूर-नगर भागात १९७९ साली अभयारण्य झालं ते अशाच माळासाठी. तरी सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराबा, आणि बोलण्यात पडीक. पडीक म्हटलं की कुणीतरी तिथे खड्डे काढून झाडं लावायला येतं. ओढ्याकाठी, गावठाणात, बांधावर झाडं लावावीत, त्याला कुणाचा विरोध नाही. पण चार बोटं मातीच्या माळावर दाट झाडं लावली तर निम्मी मरतात आणि जी जगतात त्यांच्या सावलीत गवत जातं. मेंढपाळाची चराई गेली आणि जंगलही झालं नाही, अशा जागा कमी नाहीत.

काडी लावल्याने नेमकं काय होतं

‘जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं’, हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. जुनं वाळकं गवत जळून गेल्यामुळे पावसाळ्यात नवा फुटवा मोकळा, हिरवागार दिसतो. खालच्या काड्यांत झाकलेला राहत नाही. म्हणून जोम आल्यासारखं वाटतं.

उरलेलं अर्धं असं. आपल्याकडे वणवे लागतात फेब्रुवारी-मार्चात आणि पाऊस येतो जूनमध्ये. मधले तीन-चार महिने डोंगर उघडा. वारा राख उडवून नेतो, उरलेली वळवाच्या पहिल्या पावसात ओढ्याला जाते. गवतातला नत्र तर धुरातच गेलेला असतो. त्या पहिल्या पावसाला, जो सगळ्यात जोराचा असतो, अडवायला काही उरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आगीत कुसळीचंच फावतं. तिचं बी आधीच जमिनीत जाऊन बसलेलं असतं. वरून आग निघून जाते, खाली बी शाबूत. जमिनीवर उघडं पडलेलं बाकी गवतांचं बी मात्र करपतं. क्वीन्सलँडमध्ये तर हे गवत टिकवायला लोक मुद्दाम जाळतात, एवढं ते आगीला सोसतं. म्हणजे कुसळी नको म्हणून जो डोंगर जाळतो, तो दरवर्षी कुसळीचीच पेरणी करतो.

पवना, मारवेल, डोंगरी ही आपल्याकडची चांगली चाऱ्याची गवतं. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी देशभरातल्या गवताळ जमिनींची पाहणी मांडली. त्यांनी देशाचे पाच मोठे गवतपट्टे केले, त्यात दख्खनचा आपला पट्टा पवना आणि मारवेल यांच्या नावाने आहे. म्हणजे या माळाची मूळ गवतं ती. जनावरं आधी तीच खातात, त्यामुळे बेसुमार चराईत तीच आधी संपतात. मग कुसळी वाढते. तरीही चराई आणि आग चालूच राहिली तर कुसळीही विरळ होते आणि तीन फाट्यांच्या कुसळाचं ते बारीक, राठ गवत येतं, ज्याला मेंढी तोंड लावत नाही. त्यानंतर मुरूम. माणच्या कितीतरी टेकड्या आज या शेवटच्या दोन पायऱ्यांच्या मधे आहेत. त्या मानाने दाट कुसळीचा डोंगर असलेलं गाव अजून नशीबवान म्हणायचं.

उलटा प्रवासही होतो. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, गवत विळ्याने कापून न्यायची मुभा दिली, आणि डोंगराने साथ दिली. आपल्याकडे सरसकट चराईबंदी लगेच जमेल असं नाही. मेंढपाळ कुटुंबांनी जायचं कुठे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. त्यांना विचारल्याशिवाय ग्रामसभेत ठराव केला तर तो कागदावरच राहतो. पण गायरानाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवायचा, हे करता येण्यासारखं आहे. बंद भागात जिथे पवना-मारवेलचे ठोंब शिल्लक असतील ती जागा बी झडेपर्यंत कापायची नाही, कुसळी मात्र पोटरीतच कापून न्यायची. दोन-तीन वर्षं असं केलं की कुसळीचं बी कमी पडतं आणि दुसऱ्यांना जागा मिळते. बांधावर लावायला मारवेलचे ठोंब पावसाळ्यात फोडून लावता येतात. त्याच्या सुधारित जाती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या आहेत.

आगीपासून वाचवायला जानेवारीच्या आत जाळरेषा काढावी लागते. रस्त्याकडेला आणि गायरान-शिवेच्या हद्दीवर दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून साफ करायचा, म्हणजे विडीच्या थोटकाने लागलेली आग वर चढत नाही. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. वणवा दिसला तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

आपला डोंगर कुठल्या पायरीवर आहे हे बघायला कुणी अधिकारी यायची गरज नाही. घटस्थापनेच्या आसपास, गवत ओळखू येतं तेव्हा, डोंगरावर एका सरळ वाटेने शंभर पावलं चालायचं. प्रत्येक पावलाला अंगठ्यापुढे काय आहे ते वहीत टिपायचं: पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी, बारीक कुसळाचं गवत, की नुसता मुरूम. गवत ओळखायला गावातला एखादा म्हातारा मेंढपाळ बरोबर घ्यावा, त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. शंभरात मुरूम किती आणि पवना किती ते लिहून ठेवायचं आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला, त्याच वाटेने पुन्हा मोजायचं.